उजवीकडून मांडलेला देवमासा

प्रिय तन्वी आणि ईशान,

गेल्या रविवारी फोनवर ईशानने सांगितलं, की शाळेची सहल समुद्राकाठच्या एका खडकावर गेली होती आणि तिथे दगडात कोरलेला कांगारू होता. "आजी, ती कांगारू खूप जुनी होती," असं तू म्हणालास. मराठीत कांगारू 'तो' असतो, पण ते राहू दे. मग तन्वीने विचारलं, ही चित्रं कागदावर उतरवली कोणी, आणि ती बरोबर उतरवली आहेत हे कशावरून समजायचं? मी सांगायला सुरुवात केली तोवर तुमची झोपायची वेळ झाली. तो प्रश्न फोनवर संपणारा नव्हताच. त्याचं उत्तर म्हणजे एक बाई आहे, आणि तिच्याबद्दल बसूनच लिहायला हवं.

तुम्ही आता त्या खडकांच्या देशात राहता. प्रश्नही तुम्हीच विचारलात. म्हणून हे आता लिहिते. आई वाचून दाखवेल. तिने मधलं काही गाळू नये.

एक गोष्ट आधीच सांगते. मी ज्या खडकाबद्दल लिहिणार आहे तो नेमका कुठे आहे, ते लिहिणार नाही. तिथल्या मूळ लोकांनी तसं सांगितलं आहे, आणि खडक त्यांचा आहे.

बाईंचं नाव रूबी थळकर. तन्वी, तू दोन वर्षांची असताना त्यांच्या मांडीवर बसली आहेस आणि त्यांच्या गळ्यातली मोजपट्टी चावली आहेस. मी त्यांना रूबीताई म्हणायचे. लंडनमधे इल्फर्डला आमच्या घराला लागूनच त्यांचं घर होतं, मधे एकच भिंत. पण आमची ओळख भिंतीमुळे झाली नाही, कचऱ्याच्या बिनमुळे झाली. आम्ही नव्याने राहायला आलो होतो. एका सकाळी रस्त्यावरून आवाज आला, "अरे मेल्या, ती माझी बिन आहे! नंबर वाच की!" इल्फर्डच्या रस्त्यावर पंजाबी, उर्दू, गुजराती, तमिळ सगळं ऐकू येतं, पण 'मेल्या' मी पहिल्यांदाच ऐकलं. मी धावत बाहेर गेले. सुती साडीवर लोकरीचा लांब कोट घातलेली एक ठेंगणी बाई चाकांची बिन ओढत परत आणत होती आणि समोरच्या घरातला एक तरुण गृहस्थ दारात हात जोडून उभा होता.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"नाही, चायनीज," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे नीट बघून, "थळकर. अलिबागजवळचं थळ. तुम्ही कुठल्या?"

"सांगलीची."

"मग भडंग आलं की भिंतीवर दोनदा वाजवा."

थळकर हे आडनाव आणि रूबी हे नाव यांची सांगड मला लगेच लागेना. त्यांनीच लावून दिली. त्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू. पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणत. जन्म मुंबईचा, लग्नानंतर लंडन. इथे त्यांनी सगळी नोकरी कोट शिवणाऱ्या एका कारखान्यात केली. शिवत नसत, बेतत असत. कोटाचा प्रत्येक भाग आधी कागदावर आखायचा, कापायचा, मग त्यावरून कापड. निवृत्तीनंतरही मोजपट्टी गळ्यात असायचीच, आणि समोरच्या माणसाचं माप डोळ्यांनीच घ्यायची सवयही गेली नव्हती. "नलू, तुझा डावा खांदा उतरलाय. पर्स दुसऱ्या हातात धर," हे त्यांनी मला ओळख झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं. तोपर्यंत मी 'अहो नलिनीताई'वरून 'नलू' झाले होते. त्या मात्र माझ्यासाठी शेवटपर्यंत 'अहो रूबीताई'च राहिल्या.

त्यांची सगळ्यात मोठी खोड आता सांगते, कारण तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. लहानपणी त्यांचे वडील एकाच टेबलावर दोन भाषा शिकवायचे. मराठी डावीकडून उजवीकडे आणि प्रार्थनेची हिब्रू उजवीकडून डावीकडे. त्यामुळे रूबीताईंच्या हाताला पुस्तक दोन्ही बाजूंनी उघडायची सवय होती, आणि गडबडीत असल्या की हात उजवीकडूनच सुरू करायचा. दिवाळी अंक मागून. लग्नाचा अल्बम मागून, म्हणजे आधी पंगत, मग मुंडावळ्या. मी लायब्ररीतून रहस्यकथा आणली की त्या आधी मागून घ्यायच्या आणि तासाभराने दारात येऊन म्हणायच्या, "खून डॉक्टरने केलाय. आता निवांत वाच."

"अहो, आता काय वाचू?"

"वा! शेवट माहीत असला की माणूस रस्ता नीट बघतो."

मी चाळीस वर्षं हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्स विभागात काम केलेली. माझ्या हातून एक नंबरच्या आधी दोन नंबर कधी आला नाही. आमचं दोघींचं पटायचं कसं, असं तुमचे आजोबा विचारायचे. पटायचं नाही. पण आठवड्यातून एकदा एकत्र ट्रेनने जायचो.

ते जाणं म्हणजे म्युझियमला. इल्फर्डहून ट्रेनने थोडं पुढे एका गावात एक छोटं म्युझियम होतं. खाली नांगर, चरखे, गावच्या पाद्रीबाबाची फुलपाखरं, आणि वर कोठीची खोली. दर गुरुवारी आम्ही व्हॉलंटियर म्हणून जायचो. मी लेबलं लावायचे, रूबीताई जुने कपडे बघायच्या आणि ते कोणी वाईट बेतले आहेत ते सांगायच्या. म्युझियम चालवणारी हेलन पन्नाशीची, हसरी, सतत स्वतःचा चहाचा कप शोधत फिरणारी. तिने रूबीताईंना कधीही गप्प केलं नाही, हा तिचा मोठेपणा.

एका गुरुवारी हेलन हातात कप असूनही कप शोधत होती. तेव्हाच आम्ही ओळखलं, काहीतरी घडलंय. तिला सिडनीहून मेल आली होती. पाठवणाऱ्या बाईंचं नाव मे. तिकडच्या मूळ लोकांमध्ये वडीलधाऱ्या बाईला मानाने आंटी म्हणतात, म्हणून सगळे त्यांना आंटी मे म्हणत. रूबीताईंना हे फार आवडलं. "बघ, शहाणे लोक आहेत. आपल्यासारखेच. नाहीतर इथे नातू आजीला नावाने हाक मारतो."

आंटी मेंचं म्हणणं असं होतं. समुद्राजवळच्या एका सपाट खडकावर त्यांच्या पूर्वजांनी कोरलेल्या आकृती आहेत. खूप वर्षांपूर्वी एका इंग्रज सर्वेअरने त्या कागदावर उतरवल्या. तो या म्युझियमच्या गावचा होता आणि त्याचे कागद त्याच्या घरच्यांनी इथे दिले होते. नंतर त्या कागदांवरून कोणा दुसऱ्याच माणसाने एक छापील चित्र केलं, आणि तेच सगळीकडे प्रमाण धरलं गेलं. त्या छापील चित्रात तीन वेगवेगळ्या आकृती होत्या. पहिली 'मासा', दुसरी 'ढाल', तिसरी 'अनिश्चित रेघा'. पुढे त्या खडकाच्या बहुतेक भागावर माती पडली आणि एका क्लबने वर टेनिस कोर्ट केलं. उघडा राहिला तो फक्त 'मासा', कोर्टाच्या कुंपणाबाहेर. आता क्लबला कोर्टाच्या जागी स्विमिंग पूल खणायचा होता. माशाभोवती ते छान कठडा बांधून देणार होते. ढाल आणि रेघा केव्हाच झिजून गेल्या असणार, असा त्यांच्या तज्ज्ञाचा अहवाल होता.

"आणि आंटी काय म्हणतात?" रूबीताईंनी विचारलं.

हेलनने मेलमधली ओळ वाचली. "माझी आजी सांगायची, तो मासा नाही. ते शेपूट आहे."

रूबीताईंनी चष्मा काढला. "म्हणजे शेपटाला कठडा आणि पोटावर स्विमिंग पूल?"

आंटी मेंना ते मूळ कागद बघायचे होते. पुढच्या महिन्यात तिथली कौन्सिल निर्णय देणार होती. आजीने सांगितलेलं कौन्सिलला पुरत नव्हतं. 'नोंदलेल्या आकृतींमध्ये देवमासा नाही' हे एकच वाक्य त्यांना दर वेळी ऐकवलं जात होतं.

कोठीतल्या सर्वांत खालच्या फळीवर ते कागद निघाले. तुम्ही ट्रेसिंग पेपर वापरता, तसले नव्हेत. जाड, तपकिरी, भाकरीसारखे खरखरीत. सर्वेअरने ओला जाड कागद खडकावर थापायचा, ब्रशने ठोकून खाचेत बसवायचा, आणि वाळला की सोलून काढायचा. खाचेच्या जागी कागदावर उंचवटा यायचा, आणि त्यावर त्याने नंतर कोळसा घासला होता. असे मोठमोठे कागद, एकाशेजारी एक थापलेले. प्रत्येकाच्या पाठीवर नंबर.

त्या उंचवट्यांवर हात फिरवल्यावर मला पहिल्यांदा कळलं, की ती खाच म्हणजे ओढलेली रेघ नव्हती. आधी टोच्याने ठिपके पाडलेले, जवळजवळ, आणि मग ते घासून एकमेकांना जोडलेले. "ठिपक्यांची रांगोळीच की," मी म्हणाले.

"आमच्या कोकणातही कातळाच्या सड्यावर असली कोरलेली चित्रं आहेत," रूबीताई म्हणाल्या. "आजोबांना विचारलं तर म्हणायचे, पांडवांनी काढली. आपल्याला कळत नाही ते सगळं पांडवांनीच केलेलं असतं."

हेलनला कागद ओळीने मांडून त्यांचे फोटो काढायचे होते. खालच्या हॉलमधली दोन लांब टेबलं आम्ही जोडली. मी रूबीताईंना म्हटलं, नंबर बघून मांडा, मी चहा घेऊन येते. परत आले तेव्हा त्यांनी सगळे कागद मांडून टाकले होते. कोळशाची बाजू वर, पाठीवरचा नंबर बघून एकेक. फक्त पहिला कागद टेबलाच्या उजव्या टोकाला होता आणि शेवटचा डाव्या.

"अहो रूबीताई, उलटे मांडलेत."

"उलटे कसे? हा एक, हा दोन, हा तीन."

"एक डावीकडे हवा ना."

"का? पहिला उजवीकडेच असतो."

"तो तुमच्या हिब्रूत!"

त्यांनी टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि कपाळावर हात मारला. "अगंबाई! थांब, परत लावते." आणि पहिला कागद उचलायला वाकल्या. वाकल्या त्या तशाच राहिल्या. मला वाटलं, कंबर धरली.

"नलू, हात लावू नकोस कशाला."

त्यांचं बोट पहिल्या कागदावरच्या 'माशा'वर होतं. छापील चित्रात त्या माशाचं धड कागदाच्या कडेला येऊन संपत होतं, अर्धवट. इथे ते संपत नव्हतं. दोन्ही रेघा कडेवरून सरळ पलीकडच्या, म्हणजे डावीकडच्या, दुसऱ्या कागदावर जात होत्या. जिथे एका कागदावरचा ठिपका अर्धा कापलेला, तिथे दुसऱ्यावर त्याचा उरलेला अर्धा. रूबीताईंचं बोट टेबलाच्या कडेने चालत राहिलं. रेघा फाकत गेल्या, फाकत गेल्या, 'ढाल' म्हटलेली वाटोळी रेघ म्हणजे पोटाचा फुगवटा निघाली, मग वळण घेऊन सगळं एका प्रचंड डोक्यापाशी मिटलं. बाहेर एकही टोक लोंबकळत नव्हतं. दोन टेबलं भरून एकच प्राणी.

आणि पोटाच्या आत, दोन कागदांच्या सांध्यावर, 'अनिश्चित रेघा'. एका कागदावर दोन पाय, दुसऱ्यावर दोन वर केलेले हात.

"योना!" रूबीताई एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की कोणी पडलं असं वाटून हेलन वरून धावत आली. "हेलन, माशाच्या पोटातला योना!" योना म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथातला प्रेषित, ज्याला मोठ्या माशाने गिळलं होतं. उपासाच्या मोठ्या दिवशी त्याची गोष्ट वाचतात.

हेलनने देवमासा बघितला. तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मी गेली अकरा वर्षं या कागदांशेजारी झोपा काढतेय." आणि तिला हसू आवरेना.

पण अडचण लगेच आली, आणि ती हेलननेच काढली. आंटी मेंनी कुंपणाबाहेरच्या 'माशा'चा आजचा फोटो पाठवला होता. फोटोत शेपूट डाव्या हाताला होतं आणि धड उजवीकडे कोर्टाखाली जात होतं. आमच्या टेबलावर शेपूट उजवीकडे आणि डोकं डावीकडे. म्हणजे आमचा देवमासा बरोबर उलट दिशेला तोंड करून होता. त्यांच्या तज्ज्ञाने हे एवढं एक बघितलं, की सगळं फेकून देणार.

रूबीताईंनी तो फोटो एकदाच बघितला. "मग बरोबरच आहे," त्या म्हणाल्या. "कापड उलटं पडलंय."

मुलांनो, कापडाला दोन बाजू असतात. जी अंगावर बाहेर दिसते ती सुलट, आतली ती उलट. रूबीताईंनी गळ्यातली मोजपट्टी काढली, टेबलावर ठेवली, तिच्यावर एक कागदी रुमाल दाबला आणि आम्हाला विचारलं, "पट्टी म्हणजे खडक. आता या रुमालाची खडकाला लागलेली बाजू कुठली? खालची. कोळसा कुठे लावलाय? त्याच बाजूला. म्हणजे आपण काय बघतोय? खडकाच्या आत बसून बाहेर बघितल्यासारखं बघतोय! उलट बाजू!"

तुम्ही घरी करून बघा. भिंतीवर चार कागद डावीकडून उजवीकडे चिकटवा, वर एक-दोन-तीन-चार लिहा, मग सगळी ओळ तशीच सोलून तिची मागची बाजू पुढे करा. एक नंबर उजवीकडे जाईल. सर्वेअरने खडकावर उभं राहून नंबर बरोबर घातले होते. छापील चित्र करणाऱ्याने कोळशाची बाजू वर घेतली, पण ओळ मात्र डावीकडून लावली. कुठलीच कड कशालाच जुळेना, म्हणून त्याने प्रत्येक तुकड्याला वेगळी आकृती समजून वेगळं नाव दिलं. नंबर लावण्याच्या बाबतीत त्याचं आणि माझं अगदी एकमत झालं असतं.

हेलनने फोटो काढले, कॉम्प्युटरवर सगळं चित्र आरशात दिसावं तसं उलटवलं, आणि शेपूट डावीकडे आलं. फोटोतल्या शेपटावर ते तंतोतंत बसलं.

पुढच्या गुरुवारी सकाळी पहिल्यांदा व्हिडिओवर बोलणं झालं. इथे सकाळ, तिकडे संध्याकाळ. पडद्यावर आंटी मे, पांढरे केस, मोठा आवाज, मागे स्वयंपाकघर. चित्र त्यांना आधीच पाठवलं होतं. त्या आधी नुसत्या मान हलवत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "हां. हाच तो."

"तुम्हाला आश्चर्य नाही वाटलं?" हेलनने विचारलं.

"कशाचं? आम्हाला ठाऊकच होतं. तुमच्या कागदाला ठाऊक नव्हतं."

रूबीताईंना राहवेना. त्या पुढे सरकल्या. "आंटी, पोटातला माणूस बघितलात? तो आमचा योना!"

"नाही हो, बाई," आंटी मे म्हणाल्या. "योना तुमचा. हा आमचा."

"मग हा कोण?"

"ते आमच्या घरात सांगतात."

मला वाटलं, रूबीताईंना राग येईल. त्या उलट खूश झाल्या. घरी येताना ट्रेनमध्ये म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. शेजारीण चांगली असली म्हणून आपल्या घरातलं सगळं तिला सांगायचं नसतं. तुला तरी मी कुठे सगळं सांगते?"

"काय सांगत नाही?"

"बघ, विचारलंस लगेच."

क्लबच्या तज्ज्ञाने मात्र हार मानली नाही. त्याचं उत्तर आलं, की तुकडे कसेही जोडले तर काहीतरी आकार दिसतोच, आणि हा देवमासा खडकावर नसून जोडणाऱ्यांच्या मनात आहे. रूबीताईंनी ते वाक्य हेलनकडून दोनदा वाचून घेतलं. "माझ्या मनात? माझ्या मनात एवढी जागा असती तर मी कोट कशाला बेतले असते!" पण त्या घाबरल्या होत्या. शुक्रवारी शब्बाथचे, म्हणजे त्यांच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावायच्या आधी मी काहीतरी द्यायला गेले तर म्हणाल्या, "एलियाहू नबीला मलिदा बोललेय." बेने इस्राएलांमध्ये संकटात एलियाहू नबीला नवस बोलतात आणि काम झालं की मलिद्याचा प्रसाद करतात. इथल्या कितीतरी घरांत मुलाच्या परीक्षेसाठी, ऑपरेशनसाठी मलिदा बोलला गेला असेल. देवमाशासाठी बोललेला हा पहिलाच असावा.

तोडगा कौन्सिलने काढला. कोर्टाच्या कडेचा एक पट्टा उकरायचा. आमच्या चित्राप्रमाणे पोटाची रेघ जिथून जायला हवी, बरोबर तिथे. रेघ निघाली तर पूल नाही. नाही निघाली, तर पूल. यात मधला रस्ता नव्हता.

त्या सकाळी आम्ही ठरल्या वेळेच्या फार आधी म्युझियममध्ये होतो. तिकडे उन्हाळ्याची संध्याकाळ होती आणि वेळ मुद्दाम ती निवडली होती, कारण झिजलेली खाच डोक्यावरच्या उन्हात दिसत नाही. ऊन तिरपं झालं की तिच्यात सावली पडते आणि ती उठून येते. पडद्यावर कुंपण दिसत होतं, पाच-सहा माणसं, कौन्सिलच्या बाई, हात बांधून उभा असलेला तो तज्ज्ञ. दोघांनी वरचा थर काढला, माती बाजूला केली. खाली पिवळसर खडक. सपाट. काहीच नाही.

तज्ज्ञाने घड्याळाकडे बघितलं.

रूबीताई पडद्यावर नाक टेकेल इतक्या जवळ गेल्या होत्या. "झाडू मारा म्हणावं! बेतलेल्या कापडावरही खडूची भुकटी झटकल्याशिवाय रेघ दिसत नाही. हेलन, त्यांना सांग, झाडू!"

हेलनने सांगितलं. सांगायची गरज नव्हती. आंटी मे स्वतः झाडू घेऊन पुढे आल्या. कुणाला हात लावू दिला नाही. मऊ झाडू, आणि अगदी हळू, एखाद्या बाळाच्या अंगावरची वाळू झाडावी तसा. झाडता झाडता त्या बाजूला झाल्या आणि ऊन आत आलं.

एक ठिपका. त्याच्या शेजारी दुसरा. मग त्यांना जोडणारी खाच, बोटभर रुंद, काळ्या सावलीने भरलेली, पट्ट्याच्या एका कडेतून निघून दुसऱ्या कडेत जाणारी. चित्रात होतं तसंच वळण.

तिकडे कोणीतरी शिट्टी मारली. इकडे हेलन खुर्चीवर उभी राहिली. आंटी मे गुडघ्यावर बसल्या, तळहात त्या खाचेवर ठेवला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या, जे आमच्यासाठी नव्हतं. तज्ज्ञाने बांधलेले हात सोडले आणि टोपी काढली. तेवढं त्याने चांगलं केलं.

रूबीताई माझ्या दंडाला धरून उभ्या होत्या आणि लहान मुलीसारख्या उड्या मारत होत्या. "पोट! नलू, पोट! बघ माझं पोट!"

"तुमचं नव्हे, देवमाशाचं."

"तेच ग!"

पूल झाला नाही. काही आठवड्यांनी टेनिस कोर्टही हटवलं गेलं आणि खडक पूर्ण उघडा झाला, शेपटापासून डोक्यापर्यंत, आतल्या माणसासकट. छापील नोंदीतले 'मासा', 'ढाल' आणि 'अनिश्चित रेघा' हे शब्द खोडले गेले. तिथे आता एकच शब्द आहे. मूळ लोकांच्या भाषेतला आहे, म्हणून तोही मी इथे लिहीत नाही.

मलिदा मात्र इल्फर्डला झाला, आणि काय झाला! भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलदोडा, काजू-बदाम, वर फळांच्या फोडी आणि गुलाबाच्या पाकळ्या. खोबरं खवायला मी होते. पाकळ्या आमच्या पंजाबी भाजीवाल्याने आणून दिल्या. कशासाठी ते कळल्यावर त्याने स्वतःहून दोन अननस जास्त दिले. रूबीताईंच्या नात्यातले पुरुष प्रार्थनेला आले, मेडनहेडहून त्यांचा मुलगा आला, आणि समोरच्या घरातला तो बिन नेणारा गृहस्थही बायकोमुलांसह आला. हेलनने तीनदा पोहे घेतले. रूबीताई प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगत होत्या, आणि प्रत्येक वेळी देवमासा थोडा मोठा होत होता. कोणीतरी म्हणालं, "रूबीमावशी, चुकून झालं म्हणा की."

"चुकूनच झालं," त्या थाटात म्हणाल्या. "पण तशी चूक करायला दोन भाषा शिकाव्या लागतात!"

आंटी मेंनी कागद परत मागितले, आणि म्युझियमने ते द्यायचं ठरवलं. हेलन घेऊन जाणार होती. आंटींनी सांगितलं, जोडणारीलाही घेऊन या. तेव्हा मी त्यांना हीथ्रोला सोडायला गेले. माझ्या डोळ्यांसमोर रूबीताई आहेत त्या तिथल्याच. साडी, स्वतः बेतलेला लोकरीचा कोट, तिकडे उन्हाळा असूनही. कागदांची लांबट पेटी काउंटरवर ठेवलेली, आणि रूबीताई तिच्यावर दोन्ही तळवे पसरून एअरलाइनच्या मुलीला समजावताहेत, "बेटा, ही सुलट बाजू. ही वर. लक्षात राहील ना? सु-ल-ट." आणि ती मुलगीही तो शब्द म्हणून बघतेय.

त्यानंतर माझी त्यांची भेट झाली नाही. परत आल्या त्या थेट मेडनहेडला मुलाकडे गेल्या, तिथेच आजारी पडल्या आणि त्याच हिवाळ्यात वारल्या. पण परत आल्याच्या दिवशी त्यांनी फोन केला होता. आंटी मेंनी त्यांना चपला काढायला सांगितल्या आणि हाताला धरून खडकावर नेलं. "नलू, मी त्याच्या कडेकडेने चालत गेले. शेपटापासून डोक्यापर्यंत. मधे दोनदा बसावं लागलं, एवढा मोठा! माप तेच, पण आपल्या दोन टेबलांवर तो एवढा वाटला नव्हता ग!" आवाज असा, की फोन कानापासून लांब धरावा लागला.

आता काय उरलं आहे ते सांगते. सर्वेअरचे कागद आंटी मेंच्या लोकांकडे आहेत. आंटी मे आहेत, आणि संध्याकाळी अजूनही खडक झाडतात. खडक उघडा आहे. देवमासा पुरता आहे, त्याच्या पोटात हात वर केलेला माणूस आहे. पाऊसवाऱ्याने खाच थोडी थोडी झिजते, तरी तिरप्या उन्हात ती अजून स्पष्ट दिसते.